घर की वाहन? बंद ट्रेलरमधल्या हवेचा इतिहास

२०१८ च्या पावसाळ्यात केरळ आणि गोव्यात मासळीवरून मोठा गदारोळ झाला. बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या बातम्या आल्या. केरळमध्ये 'ऑपरेशन सागर राणी' या मोहिमेत हजारो किलो मासळी जप्त झाली, गोव्यात परराज्यांतील मासळीवर काही दिवस बंदी आली, आणि तोवर जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बरण्यांपुरता ठाऊक असलेला हा शब्द घरोघरी पोहोचला. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड या वायूचे पाण्यातील द्रावण. हाच वायू त्याच घरांतल्या नव्या कपाटांतून, पलंगांतून, ओट्याखालच्या खणांतून मुकाट्याने बाहेर पडत असतो. त्याबद्दल मात्र कोणी ब्र काढला नाही.

बंद जागेतील या वायूची सर्वांत तपशीलवार नोंद झाली ती अमेरिकेत, चाकांवरच्या घरांमध्ये. भारतात आता अशा फिरत्या घरांचे दिवस येऊ पाहत आहेत. केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे आणली. नवी कोरी कॅरॅव्हॅन उघडताच जो वास येतो, त्याला आपण कौतुकाने 'नवेपणाचा वास' म्हणतो. तो वास कशाचा असतो आणि तो घालवायला काय करावे लागते, हे जगाने मोठी किंमत मोजून शिकले आहे.

प्रारंभ रसायनशास्त्रापासून करावा लागेल. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर बुत्लेरोव्ह यांच्या हाती १८५९ मध्ये फॉर्माल्डिहाइडशी निगडित पदार्थ लागला, परंतु त्याची खरी ओळख पटली नव्हती. पुढे १८६७ मध्ये ऑगस्ट हॉफमन यांनी मिथेनॉलची वाफ तापलेल्या प्लॅटिनमवरून नेऊन हा वायू मिळवला आणि ओळखला. १९०७ मध्ये लिओ बेकलँड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून बेकेलाइट घडवले. १९१८ मध्ये प्रागच्या हान्स जॉन यांनी युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या रेझिनचे पेटंट घेतले. आपल्या कथेचे मूळ या शेवटच्या पेटंटात आहे.

युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन स्वस्त, रंगहीन आणि झटपट घट्ट होणारे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत लाकडाचा भुसा आणि चिपा या गोंदाने दाबून फळ्या करण्याचा उद्योग उभा राहिला. युद्धानंतर पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि पातळ प्लायवूड जगभर पसरले. टाकाऊ लाकूड कामी आले, सामान्य माणसाला परवडणारे फर्निचर मिळाले; या गोंदाचे उपकार नाकारण्याजोगे नाहीत. दोष एवढाच की युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांचा बंध पक्का नसतो. पाण्याच्या रेणूंनी तो हळूहळू तुटतो आणि फॉर्माल्डिहाइड पुन्हा मोकळे होते. शिवाय गोंद लवकर आणि घट्ट चिकटावा म्हणून पूर्वी त्यात फॉर्माल्डिहाइड गरजेपेक्षा जास्त घातले जाई. हा अतिरिक्त वायू पहिल्या काही महिन्यांत भराभर बाहेर येतो. बंध तुटण्याची क्रिया मात्र वर्षानुवर्षे चालते, आणि उष्णता व दमटपणा तिला वेग देतात. फिनॉलचे रेझिन या बाबतीत पुष्कळच स्थिर, पण ते गडद रंगाचे आणि महाग.

१९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले. ऊर्जा वाचवण्यासाठी अमेरिकेत घरांच्या फटी बुजवल्या गेल्या आणि भिंतींत युरिया-फॉर्माल्डिहाइडचा फेस भरला गेला. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके दुखणे अशा तक्रारी वाढू लागल्या. कारखान्यात बांधून जागेवर नेऊन ठेवायच्या 'मोबाइल होम' प्रकारच्या घरांतून त्या विशेष येत होत्या. त्याच सुमारास प्रयोगशाळेतील उंदरांना दीर्घकाळ सुमारे १५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १५ भाग, फॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवले असता त्यांच्या नाकात कर्करोग आढळला. कॅनडाने १९८० मध्ये त्या फेसावर बंदी घातली. अमेरिकेनेही १९८२ मध्ये घातली, पण पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली.

मागे उरला तो १९८४ चा एक नियम. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने कारखान्यात बांधलेल्या घरांसाठी प्लायवूडला ०.२ पीपीएम आणि पार्टिकल बोर्डला ०.३ पीपीएम अशी उत्सर्जनाची मर्यादा घातली. हा नियम 'घरां'साठी होता. सहलीला जाताना गाडीमागे जोडायचा ट्रॅव्हल ट्रेलर कायद्याने 'वाहन' होता. भिंती त्याच, बोर्ड तेच, गोंदही तोच. पण शनिवार-रविवारपुरते वापरायचे वाहन म्हणून त्याला नियमातून सूट मिळाली. सुटीचे चार दिवस खिडक्या उघड्या टाकून झाडाखाली राहणाऱ्या कुटुंबाचा विचार केला, तर ही सूट अगदीच अतार्किक म्हणता येत नाही. पुढे वीस वर्षे कोणाला तिची आठवण करण्याचे कारणही पडले नाही.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले आणि सप्टेंबरमध्ये पाठोपाठ रीटा आले. लुइझियाना आणि मिसिसिपीत लाखो लोक बेघर झाले. आपत्ती व्यवस्थापनाची केंद्रीय संस्था 'फेमा' हिने सुमारे २.७ अब्ज डॉलर खर्चून ट्रेलर आणि मोबाइल होम खरेदी केली; तयार होते ते विक्रेत्यांकडून उचलले आणि उरलेले कारखान्यांकडून घाईघाईने बांधून घेतले. पाहता पाहता एक लाखाहून अधिक कुटुंबे सुटीसाठी बनवलेल्या वाहनांत राहू लागली. आठ फूट रुंद आणि तीस फूट लांब अशा डब्यात आई-वडील, मुले, कधी आजी-आजोबाही. मुक्काम चार दिवसांचा नव्हता. कित्येकांचा तो दोन वर्षांहून लांबला. वाहन म्हणून मिळालेली सूट आता घराला लागू झाली होती.

मिसिसिपीतील बे सेंट लुइस या गावातले बालरोगतज्ज्ञ स्कॉट नीडल यांना काही महिन्यांतच एक गोष्ट खटकू लागली. तीच तीच मुले सर्दी, सायनस आणि कानाचे दुखणे घेऊन पुन्हा पुन्हा येत होती, औषधाने तात्पुरते बरे वाटे आणि पुन्हा तेच. कुठे राहता, असे विचारल्यावर उत्तरही एकच येई. २००६ मध्ये सिएरा क्लब या पर्यावरण संघटनेच्या बेकी जिलेट यांनी स्वस्त चाचणी-संच घेऊन ट्रेलरमधली हवा तपासायला सुरुवात केली. बहुसंख्य ट्रेलरांत प्रमाण ०.१ पीपीएमच्या वर निघाले.

यानंतर जे घडले ते विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी वाचलेच पाहिजे. फेमाच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी तपासणीची मागणी केली. कायदा विभागाचे मत विरुद्ध पडले: चाचणी केली आणि दोष आढळला, तर त्यावर कृती करण्याची जबाबदारी त्या क्षणापासून अंगावर येते. हा पत्रव्यवहार जुलै २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर उघड झाला. न मोजलेले प्रमाण शून्य नसते हे मोजणाऱ्यांना माहीत होते. कागदावर मात्र ते शून्यासारखेच वागत होते.

तरीही एक प्रयोग झाला, आणि तो विज्ञान म्हणून उत्तम होता. २००६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लुइझियानातील बॅटन रूज येथे ९६ रिकाम्या, न वापरलेल्या ट्रेलरांत हवेचे नमुने घेतले गेले. सर्व दारे-खिडक्या बंद असताना सरासरी प्रमाण १.०४ पीपीएम आले; काही ट्रेलरांत ते साडेतीन पीपीएमच्याही वर गेले. मग दोन उपाय करून पाहिले. काही ट्रेलरांत वातानुकूलन यंत्र सतत चालवले आणि न्हाणीघरातली झरोक्याची जाळी उघडी ठेवली, सरासरी ०.३९ पीपीएम. दुसऱ्या गटात सगळ्या खिडक्या आणि झरोके सताड उघडले, सरासरी ०.०९ पीपीएम. कोणतेही यंत्र नाही, फवारा नाही, केवळ वाऱ्याला वाट दिली आणि प्रमाण दहापटींहून अधिक खाली आले.

घोटाळा झाला तो अर्थ लावताना. आरोग्य खात्याच्या विषद्रव्य संस्थेने फेब्रुवारी २००७ च्या अहवालात ०.३ पीपीएम ही 'चिंतेची पातळी' धरली आणि खिडक्या उघडल्यास प्रमाण तिच्याखाली येते असा निष्कर्ष दिला. याच संस्थेची स्वतःची वर्षभराहून अधिक काळच्या संपर्कासाठीची मार्गदर्शक पातळी ०.००८ पीपीएम होती. संस्थेतील ज्येष्ठ विषतज्ज्ञ ख्रिस्तोफर डी रोसा यांनी कर्करोगाचा आणि दीर्घकालीन संपर्काचा धोका अहवालातून वगळला गेल्याचा लेखी आक्षेप घेतला. ऑक्टोबर २००७ मध्ये सुधारित अहवाल काढावा लागला. शिवाय व्यवहाराचा प्रश्न होताच. लुइझियानाच्या ऑगस्टमधल्या दमट उकाड्यात, डास आणि चोरांच्या धास्तीत, तान्ह्या मुलांसह राहणाऱ्या माणसाने चोवीस तास खिडक्या उघड्या ठेवायच्या कशा?

माणसे राहत असलेल्या ट्रेलरांची व्यवस्थित मोजणी झाली ती डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये. रोग नियंत्रण केंद्राने ५१९ ट्रेलर आणि मोबाइल होममधली हवा तपासली. सरासरी ७७ पीपीबी निघाली, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत ७७ भाग. सर्वांत कमी ३, सर्वांत जास्त ५९०. अमेरिकेतील सामान्य घरात हे प्रमाण १० ते २० पीपीबी असते. नियमात बसणाऱ्या मोबाइल होममध्ये सरासरी ५७ होती, तर सूट मिळालेल्या ट्रॅव्हल ट्रेलरांत ८१. आणि हे आकडे थंडीतले, गोंद दोन वर्षे हवेत उघडा राहून गेल्यानंतरचे. २००६ च्या उन्हाळ्यात त्याच डब्यांत काय असेल, याचा अंदाज बॅटन रूजच्या आकड्यांवरून करता येतो. तोपर्यंत, २००४ मध्येच, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवी कर्करोगाच्या सिद्ध कारकांत टाकले होते. केंद्राने शिफारस केली की उन्हाळा सुरू होण्यापूर्वी या लोकांना दुसरीकडे हलवावे.

ट्रेलरच इतका घातक का ठरला, याचे उत्तर भूमितीत आहे. खोली जितकी लहान, तितके तिच्या घनफळाच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ मोठे. ट्रेलरमध्ये भिंती, छत, फरशी, कपाटे, पलंगाखालचे खण, सगळेच दाबून केलेल्या लाकडाचे. हवा मात्र मूठभर. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने असे चार ट्रेलर घेऊन आधी त्यांची हवा मोजली आणि मग भिंतींचे, फरशीचे, कपाटांचे तुकडे कापून वेगवेगळे तपासले. उत्सर्जन सकाळपेक्षा दुपारी जास्त होते. पुढच्या प्रयोगांत त्याच शास्त्रज्ञांनी दाखवले की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की उत्सर्जन १.९ ते ३.५ पट होते, आणि सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांनी वाढली की १.८ ते २.६ पट. मे महिन्यातल्या नागपूरला किंवा चेन्नईला उन्हात बंद करून उभ्या केलेल्या गाडीत शिरताना हे दोन आकडे आठवायला हरकत नाही.

यावरून उपायांची उतरंड आपोआप लागते. साधे सूत्र असे की स्थिर अवस्थेत हवेतील प्रमाण म्हणजे उत्सर्जनाचा वेग भागिले हवा बदलण्याचा वेग. पण या सूत्रात एक मेख आहे. खोलीतले प्रमाण घटले की फळीतून बाहेर येणाऱ्या वायूला कमी विरोध होतो आणि उत्सर्जन थोडे वाढते. म्हणून हवा दुप्पट वेगाने बदलली तरी प्रमाण नेमके निम्मे होत नाही. तरीही वायुवीजनाइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. नवी गाडी पहिले काही आठवडे सावलीत, दारे-खिडक्या उघड्या टाकून ठेवणे आणि छतावरचा बाहेर हवा फेकणारा पंखा चालवताना समोरची खिडकी उघडी ठेवणे, एवढ्याने पुष्कळ साधते. वातानुकूलन यंत्र बहुधा आतलीच हवा फिरवते. ते उष्णता आणि दमटपणा कमी करते, म्हणून थोडा लाभ होतो. बॅटन रूजच्या ०.३९ मध्ये हेच दिसते. फळ्यांच्या कापलेल्या उघड्या कडा आणि भोके वार्निशाने किंवा पट्टीने बंद केल्यास वायूच्या मोठ्या वाटा बुजतात.

बाजारात विकले जाणारे उपाय बहुतेक याच्या खालच्या पायरीवरचे. धूळ अडवणारी हेपा गाळणी वायू अडवत नाही. साधा सक्रिय कोळसा मोठे रेणू छान पकडतो, पण फॉर्माल्डिहाइडचा रेणू लहान आणि चंचल. त्याच्यासाठी पोटॅशियम परमँगनेटसारख्या रसायनाची जोड दिलेले माध्यम लागते आणि तेही संपते. सुगंधी फवारा तर वासावर वास चढवतो, इतकेच. झाडांच्या कुंड्यांची कीर्ती १९८९ च्या नासाच्या अहवालापासून पसरली. तो प्रयोग लहान, हवाबंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील असे निघाले. कॅरॅव्हॅनमध्ये मग माणसाने बसायचे कुठे?

खरा उपाय गोंदापाशीच होता आणि तो वादळाच्याच वर्षी बाजारात आला, हा या इतिहासातला चमत्कारिक योगायोग. ओरेगॉन राज्य विद्यापीठाचे कैचांग ली यांनी समुद्रकिनाऱ्यावर लाटांचा मारा सोसून खडकाला चिकटून राहणारे शिंपले पाहिले. त्या प्राण्यांच्या चिकट प्रथिनाचा आदर्श समोर ठेवून त्यांनी सोयाबीनच्या प्रथिनात बदल केला आणि फॉर्माल्डिहाइडविरहित गोंद बनवला. २००५ पासून एका मोठ्या अमेरिकी प्लायवूड कंपनीने तो वापरायला घेतला. २००७ मध्ये त्याला हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे एका किनाऱ्यावर पर्याय कारखान्यात शिरत होता, आणि त्याच वेळी दुसऱ्या किनाऱ्यावर जुन्या गोंदाचे डबे रांगेने उतरत होते.

कायदाही मग गोंदाकडे वळला. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये बोर्डांसाठी कडक मर्यादा ठरवल्या. त्यांचा अंतिम टप्पा प्लायवूडला ०.०५ आणि पार्टिकल बोर्डला ०.०९ पीपीएम. त्याच धर्तीवर केंद्रीय कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी जुलै २०१० मध्ये स्वाक्षरी केली. त्याच उन्हाळ्यात मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली होती. किनारा साफ करायला आलेले मजूर कुठे राहत होते? फेमाने लिलावात विकलेल्या त्याच ट्रेलरांत. विकताना प्रत्येकावर 'राहण्यासाठी वापरू नये' अशी सूचना चिकटवलेली होती. मधल्या हातांनी ती खरवडून काढली होती. प्रत्यक्ष अंमलबजावणी २०१८ मध्ये सुरू झाली. आता बोर्ड घरात जातो की वाहनात, हा प्रश्न उरला नाही. मर्यादा बोर्डालाच लागू झाली. दरम्यान २०१२ मध्ये सुमारे ५५,००० रहिवाशांच्या दाव्यांत उत्पादक आणि कंत्राटदारांनी मिळून ४२.६ दशलक्ष डॉलर द्यायचे ठरले. भागाकार केला तर माणशी आठशे डॉलरही पडत नाहीत, आणि वकिलांचा वाटा त्यातूनच जायचा.

भारतातल्या कॅरॅव्हॅन अनेकदा तयार व्हॅन किंवा बसच्या सांगाड्यात सुतारकाम करून बांधल्या जातात. तिथे ग्राहकाच्या हाती एक संधी असते जी लुइझियानातल्या कुटुंबांना मिळाली नव्हती: फळी बसण्यापूर्वी ती कोणती, हे विचारता येते. बाजारात बोर्डांवर 'ई-१', 'ई-२' अशा श्रेणी आढळतात. यांपैकी ई-१ ही मूळची युरोपीय श्रेणी सुमारे ०.१ पीपीएमच्या मर्यादेशी निगडित आहे, आणि आकडा वाढला की उत्सर्जनही वाढते. 'वॉटरप्रूफ' या शिक्क्याचा अर्थ बहुधा फिनॉलचे रेझिन असा असतो. पाणी सोसणारी ही फळी वायूही कमी सोडते, म्हणून थोडी महाग असली तरी बंद गाडीत तीच बरी.

प्लायवूड उद्योगाची आपली दोन मोठी केंद्रे हरियाणातले यमुनानगर आणि केरळातले पेरुंबावूर. फिरत्या घराच्या हवेचा बराचसा निकाल अशा ठिकाणी, रेझिनच्या टाकीपाशी लागतो. जुन्या पद्धतीत युरियाच्या एका रेणूमागे फॉर्माल्डिहाइडचे दीड ते दोन रेणू घातले जात. कमी उत्सर्जनाच्या रेझिनमध्ये हे गुणोत्तर एकाच्या जवळ आणले जाते, आणि त्यामुळे घटणारी पकड भरून काढायला थोडे मेलामाइन मिसळले जाते. खर्च काहीसा वाढतो, दाबयंत्रात फळी थोडा जास्त वेळ ठेवावी लागते.